पायाच्या धमनीतला अडथळा: पहिल्या लक्षणापासून जखम भरेपर्यंत

नाशिकमध्ये रामकुंडावरून रविवार कारंजाकडे चढताना पोटरी आवळून येते, दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की सुटते आणि पुन्हा तेवढंच अंतर चाललं की त्याच पोटरीत तसाच गोळा येतो. अंतर ठरलेलं, जागा ठरलेली आणि थांबल्यावर सुटका ठरलेली. या तिन्ही गोष्टी जुळल्या की पायाला शुद्ध रक्त नेणाऱ्या धमनीत अडथळा आहे असं धरून तपासणी करावी. घरात याला ‘वय झालं’ किंवा ‘मणक्याची नस दबली’ म्हणतात आणि मौल्यवान महिने तेल चोळण्यात जातात.

मणक्याचं दुखणं वेगळं ओळखता येतं. मणक्याची नस दबलेल्या माणसाला नुसतं उभं राहून आराम पडत नाही, त्याला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. भाजीच्या गाडीवर किंवा सायकलच्या हँडलवर भार टाकला की तो बराच वेळ चालू शकतो. धमनीवाला रुग्ण जिथे आहे तिथे, ताठ उभा राहूनच बरा होतो. मधुमेहातली तळपायाची भगभग आणखी वेगळी असते. ती दोन्ही पायांना सारखी होते आणि पाय कसाही ठेवला तरी फारशी बदलत नाही. रक्त कमी पडल्यामुळे होणारी रात्रीची वेदना मात्र पावलाच्या पुढच्या भागात, बोटांत होते आणि पाय खाटेखाली लोंबता सोडला की कमी होते. रुग्ण रात्र-रात्र खुर्चीत पाय सोडून बसून काढत असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नये. त्या लोंबत्या पावलाची लाली पाहून ‘रक्त तर भरपूर आहे’ असं वाटतं. पाय हृदयाच्या वर उचलून एक मिनिट धरा. पाऊल पांढरंफटक पडलं तर ती लाली फसवी आहे हे कळतं.

एक अपवाद: अचानक गार पडलेला पाय

बाकी सगळं क्रमाने करायचं असतं, हे नाही. चांगला असलेला पाय तास-दोन तासांत एकदम दुखू लागला, गार आणि पांढरा पडला, बधिर झाला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर धमनी गुठळीने बंद झालेली असते. बहुतेकदा ही गुठळी हृदयातून निसटून येते, ठोके अनियमित असलेल्यांत विशेष. किंवा आधीच अरुंद झालेल्या जागी रक्त गोठतं. स्नायू आणि मज्जातंतू साधारण ६ तास तग धरतात. सुरगाण्याहून किंवा मालेगावहून नाशिक गाठण्यातच त्यातले दोन-तीन तास जातात, म्हणून वाटेत चार दवाखाने फिरू नका. १०८ ला फोन करा आणि फोनवरच विचारा की कॅथलॅब (एक्स-रेत पाहत धमनीत नळ्या घालण्याची खोली) आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया दोन्ही चालू असलेलं रुग्णालय कोणतं. पाय शेकू नका, मालिश करू नका, उशीवर उंच ठेवू नका. चादर सैल गुंडाळून सपाट किंवा किंचित खाली ठेवा. पहिल्या डॉक्टरांना एवढंच विचारा: हेपॅरिन आत्ताच सुरू करता येईल का? त्याने गुठळी विरघळत नाही, पण ती पुढे वाढत नाही. रक्तस्राव होत असेल किंवा नुकतीच मेंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर तसं आधी सांगा. पुढचा उपचार पाय किती बधिर आहे त्यावर ठरतो: नळीतून गुठळी विरघळवणारं औषध, नळीने गुठळी ओढून घेणं, किंवा छोटा छेद घेऊन फोगार्टी कॅथेटरने (टोकाला फुगा असलेल्या नळीने) गुठळी बाहेर काढणं. बोटं हलत नसतील तर विरघळण्यासाठी तासन् तास थांबायला वेळ नसतो.

तपासणी: आधी हात, मग पट्टा, मग यंत्र

पहिली तपासणी बोटांची. जांघेत, गुडघ्यामागे, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पावलाच्या पाठीवर, अशा चार ठिकाणी नाडी लागते का ते पाहायचं. जांघेतच लागत नसेल तर अडथळा पोटातल्या किंवा कंबरेच्या धमनीत. जांघेत लागते पण गुडघ्यामागे नाही, तर मांडीत. गुडघ्यामागे लागते पण पावलावर नाही, तर पोटरीत. मधुमेहींमध्ये हा शेवटचा प्रकार फार दिसतो, तंबाखू ओढणाऱ्यांत पहिले दोन.

दुसरी तपासणी एबीआय, म्हणजे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर. रुग्ण १० मिनिटं निजलेला हवा. दोन्ही दंडांचा वरचा दाब मोजायचा आणि जास्त असेल तो घ्यायचा. मग घोट्याच्या वर पट्टा बांधून, पेनासारखा डॉपलर (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र) पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे धरायचा. आवाज बंद होईपर्यंत आणि त्याच्यावर आणखी २० मिमी हवा भरायची, मग हळूहळू सोडून आवाज परत कुठे येतो ते पाहायचं. दोन्हींतला जास्त आकडा भागिले दंडाचा आकडा. दंडात १४०, घोट्यात ८४ म्हणजे ०.६०. ०.९० किंवा कमी म्हणजे आजार आहे. ०.४० च्या खाली पाय धोक्यात.

इथे एक सापळा आहे. जुना मधुमेह किंवा डायलिसिस असेल तर घोट्याच्या धमन्यांत चुना साठून त्या पाइपसारख्या कडक होतात, पट्टा त्यांना दाबू शकत नाही आणि एबीआय १.४० च्या वर जातो किंवा खोटाच नॉर्मल दिसतो. बोट काळं पडलेलं आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’, असा कागद घेऊन लोक फिरतात. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा. अंगठ्याच्या धमन्या सहसा कडक होत नाहीत. तो ३० मिमीच्या खाली असेल तर जखम आपसूक भरण्याची आशा फार थोडी.

तिसरी तपासणी रंगीत डॉपलर सोनोग्राफी. अडथळा कुठे, किती लांब, अर्धवट की पूर्ण, हे यात किरणोत्सर्ग आणि डाय (एक्स-रेत धमनी दिसावी म्हणून सोडायचं औषध) न वापरता कळतं. सीटी अँजिओग्राफी सरसकट लागत नाही. कंबरेच्या वरचा अडथळा असेल तर ती उपयोगी. पण पोटरीच्या चुनाभरल्या धमन्यांत चुना आणि डाय दोन्ही पांढरेच दिसतात, म्हणजे डाय मूत्रपिंडाला भोवतो आणि उत्तर अर्धवटच मिळतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती चालतं ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेल्या मधुमेहीसाठी चांगला डॉपलर करून थेट कॅथलॅबमध्ये जाणं जास्त शहाणपणाचं. तिथे डाय थेट त्याच धमनीत आणि थोडा लागतो.

फुगा कधी नको

फक्त चालताना दुखतं, जखम नाही, रात्रीची वेदना नाही: अशा रुग्णाला लगेच फुगा मारण्याची (म्हणजे नळीवरून धमनीत फुगा नेऊन ती रुंद करण्याची) घाई कुणी करत असेल तर थांबा. मधुमेह नसलेल्या अशा रुग्णांपैकी पाच वर्षांत मोठ्या शस्त्रक्रियेने पाय काढावा लागतो तो शंभरात एक ते तीन जणांना. चालण्याचा रीतसर कार्यक्रम इथे पहिला उपचार आहे. अमेरिकेतल्या क्लेव्हर चाचणीत कंबरेच्या धमनीत अडथळा असलेल्यांना देखरेखीखाली चालवलं, तर सहा महिन्यांनी त्यांची चालण्याची क्षमता स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) घातलेल्यांपेक्षा जास्त वाढली होती.

पण ‘रोज फिरायला जा’ म्हणजे हा कार्यक्रम नाही. तो असा: आठवड्यातून निदान ३ दिवस, जमल्यास ५. गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकसारखी सपाट, बसायला जागा असलेली वाट निवडा. ३ ते ५ मिनिटांत पोटरी चांगली दुखू लागेल एवढ्या वेगाने चाला. दुखणं सुरू होताच थांबू नका, सहन होण्याच्या शेवटाजवळ थांबा. पूर्ण सुटेपर्यंत उभे राहा आणि पुन्हा चाला. थांबण्यासह ३० ते ४५ मिनिटं. पहिला थांबा कोणत्या झाडापाशी किंवा बाकापाशी आला ते लिहून ठेवा, दर आठवड्याला ती खूण पुढे सरकली पाहिजे. हे १२ आठवडे केल्याशिवाय ‘चालून काही झालं नाही’ म्हणायचं नाही. पावलावर जखम असेल तर मात्र हा कार्यक्रम बंद.

जोडीला स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), रक्त पातळ राखणारी एक गोळी, साखर आणि रक्तदाब. सिलोस्टाझोल १०० मिग्रॅ दोनदा घेतल्याने चालण्याचं अंतर काहींचं वाढतं, पण हृदय कमजोर असलेल्यांना ती गोळी द्यायची नसते. दम लागत असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती सुरू करू नका.

तंबाखूचं वेगळं. सिन्नरची बिडी असो की मशेरी, वयाच्या चाळिशीच्या आत बोटं काळी पडू लागलेल्या पुरुषाला बहुधा बर्जर्सचा आजार असतो. त्यात धमन्या टोकाकडून सुजून बंद होत येतात, आणि फुगा नेऊन पोहोचवावा अशी पुढची मोकळी धमनीच उरत नाही. दिवसाला दोन बिड्या ठेवल्या तरी आजार चालूच राहतो. पूर्ण सोडली तर बहुतेकांचा पाय वाचतो. इथे कॅथलॅबचा खर्च करण्याआधी बिडी सुटली पाहिजे.

फुगा कधी, बायपास कधी

दोन आठवड्यांहून जास्त रात्रीची वेदना, न भरणारी जखम किंवा काळं पडलेलं बोट, आणि तपासणीत रक्त कमी. या अवस्थेत रक्तपुरवठा वाढवला नाही तर एका वर्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांचा पाय जातो आणि तेवढेच दगावतात, बहुतेक हृदयविकाराने. इथे प्रश्न करायचं की नाही हा नसतो, कसं करायचं एवढाच असतो.

दोन मोठ्या चाचण्यांची उत्तरं उलटी वाटतात. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत १,८३० रुग्ण होते. ज्यांच्या पायात बायपाससाठी (अडथळ्याला वळसा घालणाऱ्या नव्या रक्तमार्गासाठी) चांगली, अखंड सॅफेनस शीर (पायाच्या आतल्या बाजूची लांब शीर) होती, त्यांच्यात मृत्यू किंवा पायाचा मोठा फटका बायपासनंतर ४२.६ टक्क्यांना बसला, फुग्या-स्टेंटनंतर ५७.४ टक्क्यांना. अशी शीर नसलेल्यांत फारसा फरक नव्हता. २०२३ च्या, मुख्यतः ब्रिटनमधल्या बेसिल-२ चाचणीत गुडघ्याखालच्या आजाराचे ३४५ रुग्ण होते. तिथे मोठं ॲम्प्युटेशन (पाय कापणं) किंवा मृत्यू बायपासमध्ये ६३ टक्के, फुग्यात ५३. पहिल्या चाचणीत पुन्हा मोठी दुरुस्ती करावी लागणं हाही फटका मोजला होता, दुसरीत फक्त पाय जाणं आणि मृत्यू मोजला. शिवाय दुसरीतल्या सगळ्यांना पोटरीच्या धमन्यांचा आजार होता.

व्यवहारात याचा अर्थ असा. रुग्णाचं हृदय बरं, अडथळा मांडीभर लांब, शीर चांगली, आणि निदान दोन वर्षं आयुष्य अपेक्षित असेल, तर बायपासचं मत घेतल्याशिवाय फुग्याला होकार देऊ नका. हृदय कमजोर, शीर खराब, अडथळा पोटरीत असेल, तर आधी फुगा. जांघेच्या धमनीत साठलेला थर मात्र छेद घेऊन साफ केलेलाच चांगला टिकतो. पायाची ती शीर बायपाससाठी लागू शकते, म्हणून त्या पायात सलाइनची सुई लावू देऊ नका. एवढं नर्सला सांगणं घरच्यांच्या हातात असतं.

फुग्याचं काम रक्तवाहिन्यांचे सर्जन, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि हृदयरोगतज्ज्ञ तिघंही करतात. पदवीपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे: गुडघ्याखालची कामं तुम्ही नियमित करता का? आणि फुगा फसला तर बायपास इथेच होईल का? दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर मुंबईचा रस्ता, कसाऱ्याचा घाट आणि दीडशेहून जास्त किलोमीटर आधीच हिशेबात धरा.

आदल्या आठवड्याची तयारी

क्रिएटिनिन आणि त्यावरून ईजीएफआर (मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त गाळतं त्याचा अंदाज) काढा. डायची मर्यादा लक्षात ठेवायला सोपी: मिलिलिटरमध्ये ईजीएफआरच्या दुप्पट ते तिप्पट. ईजीएफआर ४० असेल तर ८० ते १२० मिली. त्यापुढे काम उरलं तर दोन टप्प्यांत करावं, किंवा कंबरेच्या खालच्या धमन्यांसाठी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरता येतो. आधी आणि नंतर सलाइन दिलं जातं. हृदय कमजोर असेल तर तेही मोजूनच. मेटफॉर्मिन घेत असाल तर ते त्या दिवसापासून थांबवायचं का ते डॉक्टरांना विचारा, थांबवलं तर ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहूनच पुन्हा सुरू. दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या त्या आठवड्यात अजिबात नकोत. डाय घेतल्यावर कधी पित्त उठलं किंवा धाप लागली असेल तर ते कागदावर लिहून द्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल स्वतःहून थांबवू नका. वॉरफेरिनसारख्या गोळ्या थांबवायच्या असतात, पण कधी ते डॉक्टर सांगतील. पाच-सहा तास उपाशी राहायचं, आणि उपाशीपोटी इन्सुलिनचा नेहमीचा डोस घ्यायचा नाही.

एक गोष्ट घरचे सांगायला विसरतात: रुग्णाला तासभर सपाट निजता येतं का? रात्रीच्या वेदनेने पाय लोंबता ठेवून बसणारा माणूस टेबलवर हलत राहिला तर बारीक तारेचं काम बिघडतं. आधी सांगितलं तर भूल किंवा वेदनेची व्यवस्था करता येते.

खर्चाचं अंदाजपत्रक आकड्यात मागू नका, यादीत मागा: साधे फुगे किती, औषधी (औषध लावलेले) फुगे किती, स्टेंट किती, सुईचं भोक बंद करायला टाका घालण्याचं उपकरण आहे का. हृदयाच्या स्टेंटच्या किमती केंद्राने २०१७ पासून बांधल्या आहेत, तोच दर पायाच्या स्टेंटला धरून हिशेब करू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राला भेटा आणि भरती होण्याआधी विचारा की हे काम कोणत्या पॅकेजात बसतं, औषधी फुगा त्यात धरला आहे की वेगळा. मंजुरी उपचाराआधी लागते. योजनेचा फोन १५५३८८. सरकारी वाट पाहायची असेल तर जिल्हा रुग्णालय आणि शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय इथे आधी चौकशी करा.

कॅथलॅबमध्ये काय होतं

हे तंत्र जन्मालाच आलं ते पाय वाचवण्यासाठी. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड इथे चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद धमनी नळ्या सरकवून रुंद केली. पाय कापायला त्या बाईंनी नकार दिला होता. आज वापरतात तसा फुगा आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये झुरिकमध्ये आधी पायातच वापरला, हृदयात तीन वर्षांनी.

रुग्ण जागा असतो. जांघ बधिर करून सोनोग्राफीत पाहत सुई घालतात. जागा महत्त्वाची: धमनी जिथे खुब्याच्या गोल हाडावरून जाते तिथेच, कारण नंतर दाब द्यायला मागे हाड हवं. सुई वर गेली तर रक्त पोटामागे साचतं आणि बाहेर दिसत नाही. खाली गेली तर दाबायला आधार मिळत नाही आणि गाठ होते. कंबरेचा किंवा मांडीचा आजार असेल तर सहसा दुसऱ्या जांघेतून वर जाऊन कंबरेच्या वळणावरून आजारी पायात उतरतात. पोटरीच्या कामाला त्याच पायाच्या जांघेतून खाली जाणं सोयीचं, तार नीट ढकलता येते.

सुईच्या जागी शीथ, म्हणजे साधनं आत नेण्याची छोटी नळी, बसते. तिचं माप फ्रेंचमध्ये असतं, ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. ६ फ्रेंचच्या शीथमधून २ मिमीची नळी जाते. मग हेपॅरिन, वजनाच्या किलोमागे ७० ते १०० युनिट, म्हणजे साधारण ५,०००. काम लांबलं तर रक्त गोठण्याची वेळ तपासून पुन्हा.

खरी कसोटी तारेची. पूर्ण बंद धमनीचं तोंड कडक असतं, ०.०१४ किंवा ०.०१८ इंच जाडीची तार तिथे अडते. कधी ती धमनीच्या भिंतीच्या थरांतून पुढे नेऊन खाली पुन्हा मोकळ्या पोकळीत आणावी लागते. तेही जमलं नाही तर पावलावरच्या धमनीत बारीक सुई घालून खालून वर तार नेतात. तार पार गेली नाही तर फुगा जाऊच शकत नाही. ‘प्रयत्न केला पण जमलं नाही’ याचा अर्थ बहुधा हाच असतो.

तार गेली की फुगा. कंबरेला ७ ते १० मिमी, मांडीला ५ ते ६, गुडघ्यामागे ४ ते ५, पोटरीत २ ते ३. दाबमापकावर ६ ते १२ ॲटमॉस्फिअर, आणि दोन-तीन मिनिटं फुगवून ठेवायचा. घाईने वीस सेकंदांत फुगवून सोडला तर भिंतीला जास्त चिरा पडतात. फुगवताना बोथट दुखतं, तीव्र दुखलं तर लगेच सांगा, कारण ते भिंत फाटण्याचं लक्षण असू शकतं. पोटरीची धमनी आकसली तर १०० ते २०० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन तिथेच सोडतात.

स्टेंट प्रत्येकाला लागत नाही. कंबरेच्या धमनीत तो उत्तम टिकतो. मांडीत चिरेमुळे रक्त अडत असेल किंवा धमनी परत आकसत असेल तर निटिनॉल या लवचीक धातूचा, आपोआप उघडणारा स्टेंट घालतात. जांघेच्या आणि गुडघ्याच्या सांध्यावर शक्यतो टाळतात: मांडी घालून जेवायला बसणारा, उकिडवा बसून भात लावणारा माणूस तो दिवसातून शंभरदा वाकवतो आणि धातू मोडतो. त्याऐवजी पॅक्लिटॅक्सेल लावलेला औषधी फुगा वापरतात, तो पेशींची वाढ रोखून धमनी पुन्हा अरुंद होणं लांबवतो. या औषधाने मृत्यू वाढतात का, अशी शंका २०१८ मध्ये एका विश्लेषणातून आली होती. नंतरची आकडेवारी पाहून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये तो इशारा मागे घेतला. चुना फार असेल तर तो खरवडण्याची किंवा ध्वनिलहरींनी तडकवण्याची साधनंही आहेत. ती महाग आहेत आणि प्रत्येक पायाला लागत नाहीत.

शेवटचं चित्र पावलाचं मागा. मांडी मोकळी झाली आणि पावलापर्यंत एकही सलग धमनी गेली नाही, तर जखमेला काही पोहोचत नाही.

त्या रात्री काय पाहायचं

शीथ काढल्यावर १५ ते २० मिनिटं हाताने दाब, मग ४ ते ६ तास पाय सरळ. डोकं उचलायचं नाही, खोकला आला तर जांघेवर हात दाबायचा. ताजं रक्त आलं तर पट्टी बदलत बसू नका, जागेवर दाब देऊन हाक मारा. पाठीत किंवा कुशीत दुखणं, घाम, रक्तदाब खाली: हे पोटामागच्या रक्तस्रावाचं, आणि जांघ वरून साफ दिसते म्हणून ते निसटतं. पाऊल आधीपेक्षा गार किंवा निळं झालं तर गाळ सुटून पुढे अडकलेला असू शकतो. पोटरी दगडासारखी घट्ट झाली आणि बोटं वर ओढली की किंचाळण्याएवढं दुखतं, तर रक्त परत आल्याने स्नायू सुजून कोंडले आहेत. त्याला काही तासांतच छेद घेऊन मोकळं करावं लागतं. दोन-चार दिवसांनी जांघेत ठोके मारणारी गाठ दिसली तर सोनोग्राफी करा, बहुतेकदा ती थ्रॉम्बिनच्या (रक्त गोठवणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनने बंद होते. ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा. घरी सोडलं म्हणून ती तपासणी चुकवू नका.

फुग्याने मिळालेली मुदत

रुग्णांना हे कुणी स्पष्ट सांगत नाही. कंबरेच्या धमनीतले स्टेंट पाच वर्षांनीही दहापैकी सात-आठ उघडे असतात. मांडीतल्या, फार लांब नसलेल्या अडथळ्यांत साधा फुगा वर्षभरात जवळजवळ निम्म्यांत फसतो. एका प्रसिद्ध चाचणीत वर्षानंतर औषधी फुग्याच्या ८२.२ टक्के धमन्या उघड्या होत्या, साध्याच्या ५२.४ टक्के. आणि पोटरीत? तीन महिन्यांनी परत अँजिओग्राफी करून पाहिलेल्या अभ्यासात दहापैकी सुमारे सात धमन्या पुन्हा अरुंद किंवा बंद झालेल्या होत्या.

तरीही त्यांतले बहुतेक पाय वाचतात. भरलेल्या कातडीला जिवंत राहायला थोडं रक्त पुरतं, जखम भरायला त्याच्या कितीतरी पट लागतं. म्हणजे पोटरीचा फुगा साधारण तीन महिन्यांची मुदत देतो आणि त्या मुदतीत जखम बंद झाली पाहिजे. फुगा झाला म्हणून निश्चिंत होऊन गावी जाणं आणि ड्रेसिंग जवळच्या कंपाउंडरकडे सोपवणं, इथेच चांगली झालेली कामं वाया जातात.

म्हणून क्रम पक्का ठेवा. कोरडं काळं बोट आधी कापायचं नाही. आधी रक्त, मग बोट, नाहीतर कापलेली जागा भरत नाही आणि काप वर वर सरकत जातो. पू, दुर्गंधी, ताप असेल तर मात्र उलट: आधी पू काढायचा, त्याच दिवशी, आणि फुगा लगोलग. रक्त आल्यावर काही दिवसांत मेलेला भाग साफ करून घ्या. तळव्याच्या जखमेवर चालायचं नाही, त्यासाठी जखमेवरचा भार काढणारी खास चप्पल किंवा प्लॅस्टर मिळतं. दर रविवारी जखमेशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही तर मलम बदलण्याआधी डॉपलर करा.

गोळ्या: ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ एक ते सहा महिने, मग एक कायम. दुसरा मार्ग ॲस्पिरिनसोबत रिव्हारोक्सॅबान २.५ मिग्रॅ दोनदा. २०२० च्या व्हॉयेजर चाचणीत तीन वर्षांत पाय-हृदय-मेंदूचे मोठे फटके त्याने १९.९ वरून १७.३ टक्क्यांवर आले, रक्तस्राव थोडा वाढला. स्टॅटिन चालूच. पाय ठीक वाटतो म्हणून लोक हीच गोळी आधी सोडतात.

डॉपलर १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी, नंतर वर्षाला. एबीआय ०.१५ ने घसरला तर धमनी पुन्हा अरुंद होत आहे. जखम भरलेली असेल आणि त्रास नसेल तर नुसत्या आकड्यासाठी पुन्हा फुगा मारायची गरज नसते. जखम उघडी असेल तर थांबायचं नाही.

बधिर पायांसाठी नाशिकचं वर्ष सोपं नसतं. निफाडकडच्या थंडीत शेकोटीला पाय धरले की फोड आल्यावरच कळतं. बाथरूममधलं गरम पाणी कोपराने तपासा, पावलाने नव्हे. कुरूप ब्लेडने घरी कापू नका. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी किंवा चैत्रात सप्तशृंगी गडाची पायी वारी अनवाणी करायचा नवस असेल तर तो मोज्या-बुटांत फेडा, आणि परतल्यावर त्याच संध्याकाळी उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या दुसऱ्याकडून पाहून घ्या. ज्या पायाचं काम झालं नाही, तो आधी.